शिसेबंद इस्माईलभाई

दुपारी जेवायला बसलो, तर माझ्या डब्याला शिशाचं सील!

"कस्टम क्लिअर झाल्याशिवाय भाताला हात लावायचा नाही, हबीबी!" इस्माईलभाई पोट धरून हसत होते.

एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. दुबईच्या खाडीवरच्या एका गोदामात आम्ही दोघं कारकून. कापडाच्या गासड्यांच्या सुतळीत शिशाची गोळी अडकवून चिमट्यानं दाबायची, हे त्यांचं काम. पण खोलीवर ते लोणच्याची बरणी, ट्रंक, साबणाची डबीसुद्धा सील करीत.

या वेडाला कारण एक सरदार. एका सीरियन व्यापाऱ्याकडून वितळवायला आणलेल्या भंगार शिशात त्यांना नाण्याएवढी चकती मिळाली. एका बाजूला दाढीवाला संत, दुसरीकडे अक्षरं. बंदरातल्या एका ग्रीक जहाजाच्या इंजिनिअरनं ती कशीबशी वाचली: 'देवा, तुझा सेवक थिओडोर याला सांभाळ.' हजारेक वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपलचे सरदार आपली पत्रं दोऱ्यानं बांधून अशीच शिशानं बंद करीत. चिमट्यानंच!

"म्हणजे आपल्याच खात्यातला माणूस!" इस्माईलभाई गासडीवर चढून नाचले. तेव्हापासून थिओडोर आमचा तिसरा कारकून. चहा आला की, "आधी सरदारांना विचारा!"

मग त्यांची घरची पत्रंही शिसेबंद झाली. पोस्टात शिशाच्या वजनावरून भांडण झालं, आणि पोस्ट खलास! पत्रं गावी जाणाऱ्यांच्या हाती जाऊ लागली.

"गावात मास्तर पत्र मोठ्यानं वाचतो. आधी मोहल्ला ऐकतो, मग माझी बायको. आता सील ती स्वतः फोडेल, घरात हळूच वाचून घेईल; माझं बोलणं तिलाच पोचेल, इन्शाल्ला."

रत्नागिरीहून मास्तरांच्या अक्षरात उत्तर मात्र एकच येई: सर्व खुशाल. त्या दिवशी इस्माईलभाई जरा जास्तच विनोद करीत.

मी रजेवर निघालो, तेव्हा एक पत्र पोचवायला माझ्याकडे आलं. रत्नागिरीला त्यांच्या बायकोनं, मरियमभाभींनी, ते हातात घेतलं, शिशावरून अंगठा फिरवला आणि पेटीत ठेवलं. पेटीत तशीच आणखी चौदा होती. एकाचंही सील तुटलेलं नव्हतं.

"वाचून नाही घेतलंत?"

"त्यांनी एवढं बंद करून धाडलंय, ते मास्तरला कसं फोडू देऊ? मला वाचता येत नाही. ते आले की तेच वाचतील."

दुबईला परतल्यावर मी हे सांगितलं. इस्माईलभाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"एकही नाही फोडलं?"

"नाही."

"दोन वर्षं प्रत्येक पत्रात विचारतोय, कायमचा परत येऊ का? जवाब नाही. मला वाटलं, तिला मी नकोसा झालो."

त्यांनी टोपीनं डोळे पुसले आणि मालकाला न सांगताच मुंबईच्या बोटीची चौकशी करायला धक्क्याकडे निघाले.