मुक्ताबाईचं मेरिट

कातळवाडीचं सरपंचपद यंदा महिलेसाठी राखीव निघालं, आणि त्याच दिवशी अनिताने सासऱ्यापुढे चहा ठेवत विचारलं, "आबा, मी उभी राहू का?"

दत्तोबाने आधी चहा संपवला. मग कप पालथा घालून बघितला, जणू उत्तर तळाशी चिकटलं असावं.

"तू चांगलीच हायेस," तो म्हणाला. "पण निवडून यायचं काय?"

चांगलं आणि वाईट या रकान्यांशी दत्तोबाला देणं-घेणं नव्हतं. त्याच्या डोक्यातल्या वहीत एकच रकाना होता: येणार की पडणार. गेल्या पाच निवडणुकांत त्याने सांगितलेला माणूस एकदाही पडला नव्हता. वर्तमानपत्रवाले ज्याला इलेक्टिव्ह मेरिट म्हणतात, त्याला तो नुसतं 'मेरिट' म्हणे, आणि ते माणसाच्या चालण्यावरून ओळखता येतं असंही सांगे. खरं कारण साधं होतं. दत्तोबाने नाव घेतलं की लोक म्हणत, येणार तर हाच आहे, मग पडणाऱ्याला मत देऊन वाया कशाला घालवा? एवढी एक बेरीज सोडून बाकी सगळ्या बेरजा दत्तोबाने केल्या होत्या.

"आबा, मी चाळीस घरं फिरून आले," अनिता म्हणाली. "चाळीसच्या चाळीस म्हणाली, आमचं मत तुलाच. आन् चाळीसच्या चाळीस म्हणाली, पण बाकीची एकोणचाळीस देणार न्हाईत."

"मग? बरोबरच म्हणाली की!"

"पण आबा, ती एकोणचाळीस म्हंजी कोण?"

"लोक," दत्तोबा म्हणाला आणि टोपी घालून बाहेर पडला.

उत्तर टाळून टोपी घालायला कारण होतं. वरच्या वाडीचा झरा दोन वर्षांपूर्वी आटला होता. उन्हाळ्यात सात आठवडे टँकर आला तो अनिताने तालुक्याला हेलपाटे घालून आणलेला. नळाची योजना मंजूर होऊन कागद कपाटात पडले होते. सरपंच अनिता झाली तर नळ आधी वरच्या वाडीला येणार, आणि पॅनलप्रमुख प्रदीपशेठची बायको माधवी झाली तर आधी प्रदीपशेठच्या प्लॉटांना. हे दत्तोबाला पक्कं ठाऊक होतं. पण आपण सुनेचं नाव घेतलं आणि ती पडली, तर पाच निवडणुकांची पुण्याई एका रात्रीत धुऊन जाणार, हेही ठाऊक होतं.

कातळवाडी घाटमाथ्यावर, कुरवंडे गावाच्याही वर. वरची वाडी, खालची वाडी, आणि मध्ये एक खिंड. पावसाळ्यात त्या खिंडीत धुकं असं मुक्कामाला येतं की दोन-दोन महिने हलत नाही. एका वाडीचं माणूस दुसऱ्या वाडीत गेलं की आवाजावरून ओळखायचं.

खिंडीच्या खालच्या तोंडाशी गफूरची चहाची टपरी होती. तिथे प्रदीपशेठ वाटच बघत होता. खाली तुंगार्लीतल्या शहरवाल्यांच्या सतरा बंगल्यांची देखभाल त्याच्याकडे. त्यामुळे माणसाकडेही तो गळतंय कुठे हे शोधल्यासारखा बघायचा.

"दत्तोबाभाऊ, माधवीचं मेरिट किती?"

दत्तोबा अडकला. माधवीचं आहे म्हणावं तर घरी सून. नाही म्हणावं तर समोर प्रदीपशेठ. दोन दिवस निभावून न्यायला त्याला एक तिसरं नाव हवं होतं. कुणाचंही नसलेलं. त्याने धुक्याकडे बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "लोकांच्यात येगळंच नाव चालू हाय. मुक्ताबाईचं."

प्रदीपशेठने कपाळाला आठी घातली. 'कोण मुक्ताबाई?' एवढं विचारायला दोन शब्द लागले असते. पण सहाशे मतदारांच्या गावात पॅनलप्रमुखाला एक मतदार माहीत नाही, हे कबूल कसं करायचं? शिवाय लग्नात बाईचं नाव बदलायची कातळवाडीची रीत. माहेरचं एक, सासरचं दुसरं, कागदावर तिसरं. कोणती मुक्ताबाई कुणाच्या घरात कोणत्या नावाने भाकरी थापत असेल, देव जाणे.

"हां, हां, मुक्ताबाई," प्रदीपशेठ म्हणाला. "माझ्याबी कानावर आलं व्हतं."

दत्तोबाच्या पाठीवरून काहीतरी गार सरकलं. त्याला वाटलं, वारा असेल.

गफूर चहा गाळत म्हणाला, "बाई लय चांगली. आमच्या चाँदबीला वळखती."

दुपारी दत्तोबा खिंड ओलांडून परत वरच्या वाडीत आला, तर ओट्यावर अंबूबाई. नव्वदीला टेकलेली, पण कान विशीतले. "दत्तू, मुक्ताबाई उभी राहती म्हनं."

"तुला कुणी सांगितलं, अंबूमावशी?"

"समदं गाव म्हनतंय. मी म्हनलं, बरं झालं. खालच्या वाडीतली आसली तरी मानूस सरळ हाय."

खालच्या वाडीत मुक्ताबाई वरची होती, वरच्या वाडीत खालची. दोन्हीकडे तिचं कौतुकच होतं, कारण तिच्याशी बांधावरून कुणाचंच भांडण नव्हतं. तिने कुणाकडून विळा नेऊन परत न करण्याचं पाप केलं नव्हतं. तिचा नवरा कुणाच्या डोळ्यांत खुपत नव्हता. हळूहळू दत्तोबाच्या ध्यानात आलं, की असं मेरिट कातळवाडीत आजवर कुणालाच नव्हतं. जिवंत माणसाला ते परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती लोकांना दिसायला लागली.

गफूरच्या बायकोने, चाँदबीने, तिला रेशनच्या रांगेत पाहिलं. हिरवं लुगडं, उंच, छत्री नाही, आणि एवढ्या धुक्यात अंगावर पाण्याचा एक थेंब नाही. कुणी म्हणालं, ती हसली. कुणी म्हणालं, ती हसत नाही, पण समोरच्याला बरं वाटतं. प्रदीपशेठ तिसऱ्या दिवशी तिची समजूत काढायला म्हणून नारळ घेऊन वरच्या वाडीत गेला आणि तासाभराने नारळाशिवाय परत आला.

"भेटल्या का?" दत्तोबाने जपून विचारलं.

"घरात न्हवत्या. दार उघडंच व्हतं. बाहेर चपला व्हत्या. उंबऱ्यावर नारळ ठिवून आलो."

"कुठलं घर?"

प्रदीपशेठचा चेहरा उतरला. "दार दिसलं, दत्तोबाभाऊ. घर काय दिसलं न्हाई. धुकंच तसलं."

त्या दुपारी दत्तोबाने मतदार यादी काढली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. सहाशे अकरा नावं. फोटो नेहमीसारखे, सगळे काळे ठिपके. मुक्ताबाई एकही नाही. त्याने सुस्कारा टाकला आणि यादी घेऊन तडक टपरीवर गेला.

"गफूर, मुक्ताबाई नावाची बाईच यादीत न्हाई."

"पुरवणी यादीत आसंल," गफूर म्हणाला.

"आरं, मी सोता केलंय ते नाव! हितंच, ह्या बाकावर बसून!"

गफूरने त्याच्याकडे मायेने बघितलं. "दत्तोबाभाऊ, सून उभी ऱ्हाती म्हणून आसं बोलू नका. गरीब बाई हाय ती."

परत निघताना खिंडीत धुकं जास्तच दाटलं होतं. दत्तोबाला स्वतःच्या चपलांचा आवाज येत होता. आणि त्याच्यापुढे दहा हातांवर आणखी एकाच्या चपलांचा. तो थांबला, तसा तो आवाजही थांबला.

"कोण हाय?"

"मी," बाईमाणसाचा आवाज आला.

"मी कोण?"

"वळखलं न्हाई व्हय?"

दत्तोबाने चपला हातात घेऊन पळायचं ठरवलं. पण तीस वर्षांची सवय आडवी आली. मतदाराला ओळखलं नाही असं मतदाराच्या तोंडावर तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

"वळखलं की!" तो म्हणाला. "न वळखायला काय झालं? बरं हाय ना समदं?"

"तुमच्यामुळं बरंच हाय," आवाज म्हणाला, आणि चपला पुढे निघून गेल्या. घरी पोचेपर्यंत दत्तोबाने मागे पाहिलं नाही. पुढेही कमीच पाहिलं.

रविवारी सकाळी पॅनलने शाळेच्या वर्गात घरटी एक चिठ्ठी टाकायची असं ठरवलं होतं. ज्या बाईचं नाव जास्त चिठ्ठ्यांवर, तिचा अर्ज पॅनल भरणार. अनिता तेवढ्याची वाट बघत होती. दत्तोबा घराबाहेर पडताना ती म्हणाली, "आबा, आपल्या घरची चिठ्ठी तुमी ल्हिणार. आपल्या तरी घरचं एक मत पडू द्या."

दत्तोबाने मान हलवली. वर्गात लहान मुलांच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून त्याने पेन उघडलं. 'अ' काढायला हात गेलासुद्धा. मग त्याने भोवती बघितलं. प्रत्येक जण भोवतीच बघत होता. एकटं मत; वायाच जाणार. त्याने लिहिलं, चिठ्ठीची चौपट घडी घातली आणि खोक्यात टाकली.

प्रदीपशेठ मोठ्याने वाचू लागला. "मुक्ताबाई. मुक्ताबाई. मुक्ताबाई." दहा झाल्या, वीस झाल्या. चाळिसाव्या चिठ्ठीला त्याचा आवाज बारीक झाला. साठाव्या चिठ्ठीनंतर तो नुसताच चिठ्ठी उघडून दाखवायला लागला. त्र्याऐंशी घरं, त्र्याऐंशी चिठ्ठ्या, नाव एक. त्यातली एक प्रदीपशेठच्या स्वतःच्या अक्षरातली होती, आणि माधवी ती हातात घेऊन नवऱ्याकडे बघत होती.

"न्हाई, म्हंजी," प्रदीपशेठ म्हणाला, "तू येणार न्हवतीसच ना."

माधवीने चिठ्ठी नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली. घरी ती चिठ्ठी पुन्हा बाहेर निघणार होती.

अनिता दाराशी उभी होती. तिने सासऱ्याकडे पाहिलं. दत्तोबाने फळ्यावरचा आजचा सुविचार वाचायला घेतला. फळा कोरा होता.

"बोलवा मुक्ताबाईंना," कुणीतरी म्हणालं.

वरच्या वाडीने खालच्या वाडीकडे पाहिलं, खालच्या वाडीने वरच्या. कुणी उठेना. खिडकीच्या गजांतून धुकं आत आलं आणि मागच्या बाकांवर बसल्यासारखं पसरलं. मागचे लोक न बोलता पुढे सरकले.

दत्तोबाला राहवलं नाही. तो उठला. "मंडळी, आईच्यान, खरं सांगतो. मुक्ताबाई न्हाई. मीच घेतलं ते नाव, प्रदीपशेठला टाळायला. अशी बाई गावात न्हाईच."

"हे बघा!" अंबूबाई कडाडली. "सुनेसाठी एका गरीब बाईला न्हाईशी कराय निघाला!"

"आरं, मग कुणी बघितलीय तिला? बघितलीय त्यांनी हात वर करा!"

सगळे हात वर झाले. दत्तोबा बघतच राहिला. त्याहून वाईट म्हणजे त्याचा स्वतःचा हातही खांद्यापर्यंत गेला होता. खोटं तरी कसं बोलायचं? भेट तर झाली होती.

मग अनिता पुढे आली. तिने पदर खोचला, फळ्यापाशी उभी राहिली आणि टँकरवाल्याशी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "त्या यायच्या न्हाईत. सकाळी भेटल्या मला. म्हणाल्या, मला काय उभं राहायचं न्हाई. माझ्या जागी तू राहा, माझी मतं ती तुझी मतं."

 त्र्याऐंशी घरांनी एकदम श्वास सोडला.

"आसं व्हय!" गफूर म्हणाला. "मग परश्नच मिटला."

"मला तर ही पोरगी पयल्यापास्नं पसंत व्हती," अंबूबाई म्हणाली. "पन लोक देत न्हवते ना. आता देतील."

"मुक्ताबाईंचा पाठिंबा म्हंजी सहाशे अकरा धरा," प्रदीपशेठ म्हणाला. त्याने अर्ज काढला, आणि त्यावर अनिताचं नाव माधवीनेच लिहिलं, चांगलं ठळक.

घरी जाताना खिंडीत दत्तोबा सुनेच्या एक पाऊल मागे चालत होता. आज पुढे चालायची त्याची इच्छा नव्हती. खिंडीच्या मध्यावर तो म्हणाला, "चिठ्ठीचं मनावर घेऊ नगं. चुकलंच माझं. पण खोटं मातुर झकास बोललीस, पोरी. मलाबी सुचलं नसतं."

अनिता थांबली. "खोटं?"

"मग काय तर!"

"आबा, त्या खरंच आल्या व्हत्या. मी अंगण झाडत व्हते. तुमच्यासाठीबी निरोप दिलाय त्यांनी. म्हणाल्या, दत्तोबांना म्हणावं, नाव घेतलंत म्हणून यावं लागलं. पुन्हा कुणाचं घ्याल तर जपून घ्या."

दत्तोबाने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. ती थट्टा करत होती की नव्हती, हे त्या धुक्यात कळणं अवघड होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला ते कळून घ्यायचंच नव्हतं.

सोमवारी सकाळी टपरीवर चहा पुढे करत गफूर म्हणाला, "सरपंचाचं झालं. आता उपसरपंच कोण व्हणार, दत्तोबाभाऊ? तुमी नाव सांगा, आमी धरून चालतो."

दत्तोबाने तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं होतं. टपरीच्या बांबूपाशी धुकं येऊन थांबलं होतं, ऐकायला उभं राहिल्यासारखं. दत्तोबाने तोंड मिटलं, चहाचा एक घोट घेतला आणि हळूच विचारलं, "गफूर, तुला कोण पायजे?"

गफूरच्या हातातली गाळणी तशीच राहिली. तीस वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.  चहा उतू जाऊन स्टोव्ह चुरचुरला, तरी त्याचं लक्ष गेलं नाही.

"मला व्हय?" शेवटी तो म्हणाला. "सांगतो की. जरा दम धरा. लोकांना कोण पायजे, तेवढं इचारून येतो."