भुलाबाईच्या दुमजली घरास रंग दिल्याची हकीकत

कुलस्वामिनीचे पायी मस्तक ठेवून आणि रंगाच्या डब्यास दुरून नमस्कार करून लिहितो ऐसाजे. शके अठराशे चौऱ्यायशी, शुभकृत् नाम संवत्सर, भाद्रपद मास. महाराष्ट्र राज्य पाळण्यातून उतरून नुकते कोठे रांगू लागले होते. ते समयी प्रांत वऱ्हाड, परगणे जळगाव जामोद येथील जिनिंग कारखान्याचे कारकून राजश्री शालिग्रामराव यांणी लाकडी बाहुलीघरास रंग देण्याची मोहीम केली. तीत शर्थ कैसी जाहली, फजिती कैसी जाहली आणि फत्ते कैसी जाहली हे पुढील लोकांस कळावे, मागून कोणी पदरचे मीठमसाले घालू नये, म्हणून ही हकीकत. पानिपतची लढाई ज्यांस पाठ आहे त्यांणी ती याशी ताडून पाहू नये. तेथे निदान शत्रू कोण, हे दोन्हीकडे ठाऊक होते.

मोहिमेचे कारण ऐसे. भाद्रपदी पुनवेस मातीची भुलाबाई आपल्या भुलोजीसह माहेरी येते, महिनाभर घरात बसते आणि कोजागिरीस तिची सासरी बोळवण होते, हा या मुलखाचा कायदा. गावच्या पोरी रोज सांजेस घरोघर फिरून तिची गाणी म्हणतात, खिरापत ओळखतात आणि कोणाकडची आरास कैसी याचा निकालही तेथेच लावितात, त्यावर अपील नाही. गतसाली शालिग्रामरावांची कन्या सिंधू, उमर वर्षे आठ, हिची भुलाबाई साबणाच्या खोक्यावर बसली होती. पोरी हसल्या आणि सिंधू तीन दिवस गाण्यास गेली नाही. ही खबर सातपुड्याच्या पायथ्याशी सिंधूचे मामा पंजाबराव यांस पोचली आणि त्यांणी सागवानाचे दुमजली बाहुलीघर, खिडक्या आठ, जिना एक, ऐसे घडवून बैलगाडीने रवाना केले. सिंधूने ते पाहून नाचत वाडी गोळा केली आणि जाहीर केले की यंदा भुलाबाई मोरपंखी महालात राहणार.

आता भिंती मेहुण्याने उभारिल्या, मग बापाची अब्रू ती काय राहिली? शालिग्रामरावांणी छातीवर हात ठेवून फर्माविले की रंग आम्ही खासा जातीने आणू आणि जातीने लावू, परक्याचा हात लागणार नाही. त्यांची स्त्री अन्नपूर्णाबाई यांणी अर्ज केला की आपण आजवर भिंतीस खिळाही सरळ ठोकिला नाही. अर्ज दप्तरी दाखल होऊन तेथेच राहिला.

मग पुनवेस चार दिवस उरले असता शालिग्रामराव धुवट टोपी घालून एस.टी.च्या गाडीने खामगावावर चालून गेले. गाडीने त्यांस पुरते हलवून, धुळीने माखून, बाजारात उतरविले आणि ते किसनराव नामे रंगवाल्याच्या दुकानी दाखल जाहले. दुकानात डब्यांची तटबंदी छतापावेतो. समोर एक बागाईतदार आपल्या नव्या हवेलीचा रंग निवडीत खुर्चीवर बसलेले, त्यांस चहा चाललेला. अशा ठिकाणी उभ्याने बाहुलीघराची गोष्ट काढावी तरी कैसी? किसनरावांणी विचारिले, “काय रंगवाचं हाय, साहेब?” शालिग्रामराव उत्तरले की आमचे दुमजली घर आहे. तत्क्षणी दुसरी खुर्ची आली आणि दुसरा चहा आला. चहा पोटात गेला आणि त्यासवे खोटेपण गोड लागू लागले.

मग किसनराव म्हणाले की वरच्या रंगाआधी अस्तर पाहिजे, त्यास हल्ली प्रायमर म्हणतात, तरी लाकडाचे द्यावे की लोखंडाचे? येथे शालिग्रामराव मनी चरकले. लाकूड म्हणावे तर कुडाच्या झोपड्याचा भास होतो, लोखंड म्हणावे तर गर्डरचे वजन पडते आणि बागाईतदार तर कान टवकारून बसलेले. तेव्हा त्यांणी मिशीवर हात फिरवून हुकूम दिला, “लोखंडच बांधा.” येणेप्रमाणे मोहीम दुकानातच बुडाली. सेनापती मात्र दोन डबे आणि एक कुंचला घेऊन विजयी मुद्रेने परतले, वाटेत बागाईतदारांच्या हवेलीस मनातल्या मनात नावेही ठेविली.

दुसरे दिवशी अंगणात निंबाखाली चौरंग मांडून त्यावर बाहुलीघर ठेविले आणि अस्तराचा डबा फोडिला. पाहतात तो आत, लोखंडास गंज न चढावा म्हणून देतात तो, भडक शेंदरी रंग! शालिग्रामराव क्षणभर थबकले, परंतु खासा आणिलेल्या वस्तूस खोड काढणे हे शास्त्राविरुद्ध, सबब त्यांणी घर वरपासून खालपावेतो लिंपून काढिले आणि वाळत ठेवून कारखान्यास गेले.

सांजेस परत येतात तो निंबाखाली गर्दी! शेजारच्या गोजरबाई, वयोवृद्ध विधवा, वाडीतील समस्त देवधर्माच्या मुखत्यार, पाण्याची कळशी घेऊन जात असता त्यांणी झाडाखाली चौरंगावर शेंदराने माखलेले काही पाहिले. आमच्या मुलखी झाडाखालच्या धोंड्यास शेंदूर लागला की तो धोंडा राहत नाही, त्याचा देव होतो आणि पुढे त्याची चौकशी कोणी करीत नाही. गोजरबाईंणी हळदकुंकू वाहिले, नारळ ठेविला, मागून चौघी आल्या, उदबत्ती लागली आणि सूर्य कलण्याआधी आठ खिडक्यांचा दुमजली मारुती स्वयंभू प्रगट जाहला.

शालिग्रामरावांणी मोरपंखी डबा उचलिला तो गोजरबाई आडव्या. “देवावर रंग फासतं काय बे? हात झडन तुहा!” शालिग्रामरावांणी खुलासा केला की हा लोखंडाचा प्रायमर आहे. त्यावर एक बाई म्हणाल्या की लोखंडाचा, तर लाकडास काऊन लाविला? यास उत्तर देणे म्हणजे बागाईतदार, खुर्ची आणि चहा सर्वच उघडे करणे. शालिग्रामरावांणी मोरपंखी डबा उचलून परत घरात नेऊन ठेविला. अन्नपूर्णाबाईंणी त्यांजकडे एकवार पाहिले. त्या पाहण्याचा मार तोफेहून भारी. ऐशा स्थितीत दोन दिवस गेले, कुंचला कडक जाहला आणि उद्या पुनव येऊन ठेपली.

तेव्हा सिंधू उठली. बापाच्या अब्रूशी तिला कर्तव्य नव्हते, तिला पोरींचे हसणे आठवत होते. ती गोजरबाईंपुढे उभी राहून म्हणाली, “आजी, मारुतीले पाराजवळ देऊळ हाय ना? मंग माही भुलाबाई उद्या कोठी बसन? माहेरले आली, न् जागा नाही म्हनून सांगू काय तिले?”

गोजरबाईंणी हातची उदबत्ती खाली ठेविली. त्या या गावी लग्न होऊन आल्या त्याच वर्षी माहेरी पटकीची साथ येऊन घर बसले, मागे बोलावणारे कोणी उरले नाही, हे सर्व वाडीस ठाऊक होते आणि म्हणूनच कोणी काढीत नसे. त्यांणी पदराने डोळे पुसले, चौरंगापुढे बसल्या आणि देवाशी थेट बोलणे लाविले. “मारुतीराया, तू गडीमानूस हाय, तू कोठीबी राहशीन. लेक येऊन राह्यली माहेरले. घर तिले दे.” मग नारळ फोडिला, खोबरे वाटिले आणि हुकूम सोडिला, “लाव बे शालिग्राम. पटकन लाव.”

मग शालिग्रामरावांणी कडक कुंचला रॉकेलात भिजवून जी तलवार, म्हणजे तोच कुंचला, चालविली तीस तोड नाही. भाद्रपदाची दमट हवा, अस्तर आतून अजून ओले, हा विचार घाबरटांचा. त्यांणी त्यावर मोरपंखी रंगाचे दाट थर चढविले आणि पुनवेच्या सांजेस भुलाबाई-भुलोजी वरच्या माडीवर विराजमान जाहले. पोरी आल्या, आठही खिडक्यांतून डोकावल्या आणि मग एकीने विचारिले, हा रंग कोणी दिला? सिंधू म्हणाली, “माह्या बाबानं.” शालिग्रामराव दाराआड उभे राहून हे ऐकत होते. त्यांस खामगावच्या चहाहून हे गोड लागले, हे मान्य करणे भाग आहे.

महिना गाण्यांत गेला. कोजागिरीस बोळवणीची तयारी जाहली, ज्वारीच्या धांड्यांचा मांडव उभारिला, खिरापत मांडिली. भुलोजीस उचलिले, ते कसलीही तक्रार न करिता उठले. भुलाबाईस उचलू जातात तो ती हलेना. रंग तिच्या बुडाशी धरून आता कोठे वाळला होता आणि वाळला तो पक्का वाळला. शालिग्रामरावांणी जोर केला, मग सुरी आणविली. गोजरबाई म्हणाल्या, “ओढू नको रे तिले. जायाचं मन नाही तिचं.”

शालिग्रामरावांणी मान वर केली. समोर सिंधू दोन्ही हातांनी बाहुलीघर धरून उभी होती. त्यांणी सुरी खाली ठेविली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, मुलूख कायम जाहला, मोरपंखी निशाण दुमजल्यावर चढले. भुलोजी एकले सासरी रवाना जाहले. भुलाबाई माहेरीच आहे, तीस नेण्यास कोणी येऊ नये, ऐसे शालिग्रामरावांचे हुकुमावरून लिहून ठेविले.