खुडूक कोंबडीचं जीवनध्येय

एका जंगलात, बरं का पोरांनो, एक रानकोंबडी खुडूक बसली. खुडूक म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसणार, तुमची अंडी दुकानातून येतात. कोंबडीच्या अंगात उबवायची खुमखुमी शिरते. मग खाली अंडं असो नसो, ती बसते ती उठतच नाही. हिची अंडी तर घोरपडीने कधीच गिळली होती. तरी ही रिकाम्या घरट्यात पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलेली. खात नाही, पीत नाही. कुणी जवळ गेलं की नुसतं "खुर्रर्र" करते.

कोल्ह्याने तिला पाहिलं. हा कोल्हा चार गावं हिंडलेला. म्हणाला, "हिला आयुष्याचं ध्येय सापडलंय. तोंडावर तेज बघा कसं आलंय!"

झालं. दुसऱ्याच दिवशी त्याने ओढ्याकाठी शिबिर उघडलं. ज्याने त्याने आपली जागा धरायची, डोळे मिटायचे आणि ध्येय सापडेपर्यंत हलायचं नाही. हरीण बसलं. माकड झाडावरून उतरून बसलं. वाघ म्हातारा, दोन सुळे पडलेले, गुडघे धरलेले. त्याने सगळ्यांना बसायला वाळलेलं गवत फुकट पुरवलं.

"काय मोठं मन आहे!" सगळे म्हणाले.

मग रोज एकेक जागा रिकामी व्हायला लागली.

"हरीण कुठं गेलं हो?"

"ते ध्येयाशी एकरूप झालं," कोल्हा म्हणायचा. बाकीचे आपले डोळे आणखी घट्ट मिटायचे.

धोंडू ससा तेवढा राहिला. बसला की त्याची पाठ खाजायची. पाठ खाजवून झाली की भूक लागायची. त्याची बायको पारू कपाळ बडवून घ्यायची.

"अहो, त्या घुबडालासुद्धा सापडलं. दिवसाचं आंधळं मेलं! तुम्हालाच काय धाड भरलीय?"

"अगं, मला शोधून शोधून गवतच सापडतं."

"गवत हे काय ध्येय झालं? माहेरी तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत माझी!"

धोंडू बिचारा कोंबडीकडे गेला. "आक्का, तुला ध्येय कसं सापडलं, मलाही सांग की."

कोंबडीने एक डोळा उघडला. "कसलं ध्येय? अरे मेल्या, मी खुडूक बसलेय. बुडाची आग जाईना म्हणून बसलेय. गावातली असते तर बायांनी कधीच पाण्यात बुचकळून काढली असती. तेवढं केलं की उतरतं. हो बाजूला, नाहीतर डोळा फोडीन."

धोंडू धावत परत आला. बघतो तर पारूच ओढ्याकाठी बसलेली, डोळे मिटून, गालातल्या गालात हसत. आणि मागून वाघ येतोय, लंगडत, मुळीच घाई न करता.

"पारू, ऊठ! वाघ!"

"मला सापडतंय," पारू म्हणाली. "तुम्ही जळू नका."

धोंडूने विचार केला नाही. ती सवयच नव्हती त्याला. त्याने मागून धडक मारली आणि बायकोला ओढ्यात ढकललं. दोन गटांगळ्या खाऊन पारू वर आली ती शिव्या देतच.

"तोंड काळं झालं तुमचं! आत्ता सापडत होतं!"

धोंडू पुढं, पारू मागं. डोंगर ओलांडला तरी ती थांबली नाही.

वाघ रिकाम्या गवताकडे बघत राहिला. मग त्याने मान वळवली. कोल्हा डोळे मिटून प्रवचन देत होता.

पारू अजून बोलते. पोरं झाली, नातवंडं झाली, तरी पाणवठ्यावर चारचौघींना सांगते, "माझं अगदी होत आलं होतं हो. यांनी होऊ दिलं नाही."

तात्पर्य: पोरांनो, प्रत्येकाने आपलं ध्येय लवकर शोधावं, घट्ट धरून बसावं आणि डोळे मिटावेत. म्हाताऱ्या वाघाला पळायला लावणं चांगल्या घरच्या मुलांना शोभत नाही.