उंदरांपुरता करार

हिराजी म्हात्रेला एका बायबल कॉलेजने फसवलं. कॉलेज परदेशातलं. त्याला इमारत नव्हती, घंटा नव्हती, शिपाईसुद्धा नव्हता. होता तो एक ई-मेलचा पत्ता. मी धंद्यातला माणूस आहे, फसवणूक मला वासावरून कळते. ही कळायला मला चार धडे लागले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

हिराजी माझ्या पेणच्या ऑफिसात रविवारी दुपारी यायचा. मोडेम फोन लावायला लागला की डोळे मिटून त्यावर तळहात ठेवायचा. मोडेम किंचाळायचा, खरखरायचा, शीळ घालायचा. हिराजीचे ओठ हलत राहायचे. आमचा हिशेबनीस तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळायचा.

"अरे, ते यंत्र आहे," मी म्हणायचो.

"शेठ, आमच्या प्रार्थनेच्या सभेत पण पवित्र आत्मा उतरला की लोक असंच बोलतात. आपल्याला कळत नाय, वर कळतं." आणि वर पुस्ती, "वचनात हाय."

"वचनात हाय", म्हणजे बायबलात आहे, हे त्याचं सगळ्यावरचं औषध. एसटी उशिरा आली, वचनात हाय. चहात साखर कमी पडली, तरी वचनात हाय. एकदा मी चिडून म्हटलं, "हिराजी, तू मूर्ख आहेस." तो शांतपणे म्हणाला, "ते पण हाय."

हा हिराजी मुळात माझा आखणीवाला. गणपतीच्या मूर्तीचे डोळे काढणं म्हणजे आखणी. सबंध मूर्ती कोणीही रंगवेल. डोळे चुकले तर माल पडून राहतो. पेण-हमरापूरच्या सगळ्या कारखान्यांत हिराजीसारखा हात नव्हता. शाडूची पोती पाठीवर वाहून मी धंद्यात आलो, स्वतःचा कारखाना उभा केला, आणि त्यातला निम्मा नफा या माणसाच्या ब्रशाच्या टोकावर होता. पण तो प्यायचा. सकाळी हात थरथरायचा, म्हणून आधी अर्धा ग्लास घ्यायचा आणि मग गजाननाचे डोळे उघडायचा.

पुढे तो रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत लागला. तिथल्या शिफ्टमधल्या कोणीतरी त्याला पेंटेकोस्टल ख्रिस्ती सभेत नेलं. तीन महिन्यांत दारू सुटली. हात असा स्थिर झाला की भरलेली कपबशी घेऊन जिना चढावा. मी मोसमाच्या तोंडावर रोह्याला जाऊन त्याला म्हटलं, "चल, मूर्ती वाट बघतायत."

"शेठ, आता मूर्तीला हात नाय लावणार."

म्हणजे हात थरथरत होता तेव्हा हा डोळे काढत होता, आणि थरथर गेल्यावर काढणार नाही. हा कुठला न्याय? मी त्याच्या प्रभूशी समोरासमोर बसून सौदा केला असता, पण तो बसत नाही.

दोन वर्षं हिराजी दिसला नाही. मग नव्वदचं दशक संपत आलं असताना एका रविवारी तो दारात उभा राहिला. हातात एका मासिकातून कापलेलं कात्रण. 'घरबसल्या प्रभूचे सेवक व्हा. बारा धडे. इंटरनेटद्वारे. शुल्क नाही. शेवटी प्रमाणपत्र.'

"रोह्यात ह्ये इंटरनेट कोणाकडं नाय. तुमच्याकडं हाय म्हणतात."

माझ्याकडे होतं. परदेशातल्या मराठी मंडळांना मूर्ती पाठवायला मी कॉम्प्युटर घेतला होता. रविवारी एसटीडीचा दर कमी, म्हणून मेल आम्ही रविवारीच बघायचो.

"शुल्क नाही?" मी विचारलं. "फुकट देणारा धंद्यात टिकत नाही, हिराजी."

"हा धंदा नाय, शेठ."

रोह्याला एका भाड्याच्या खोलीत त्यांची अकरा माणसांची सभा भरायची. पनवेलचे मोठे पास्टर महिन्यातून एकदा यायचे. त्यांनी सांगितलं होतं, कुठल्याही बायबल कॉलेजचा कागद आण, तुझ्या डोक्यावर हात ठेवतो आणि सभा तुझ्या हाती देतो. एवढंच असतं तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण तो पुढे म्हणाला, "कागद आयला दाखवायचाय. तिला वाटतं मी देव टाकला. कागद बगितला तं कळंल का मी देवाच्याच कामाला लागलोय."

त्याची आई पेणच्या खाडीकडच्या गावात एकटी राहायची. सगळी हयात मिठागरात गेलेली. हिराजीने घरात गणपती आणायचं बंद केलं त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. तो भेटायला आला की ओटीवर ताट ठेवायची आणि पाठ करून बसायची. तो जेवायचा, ताट घासायचा, निघायचा. दोन वर्षं असं चाललं होतं.

मी म्हटलं, "कॉम्प्युटर वापर. बदल्यात एक मोसम डोळे काढून दे."

"नाय."

"अर्धा मोसम."

"नाय, शेठ."

"मग उंदीर तरी रंगव. गणपतीच्या पायाशी बसतो तो. उंदीर काही देव नव्हे."

हिराजी गप्प झाला. सौद्यात समोरचा गप्प झाला की अर्धं काम झालं. शेवटी म्हणाला, "उंदीर देवानंच केलाय. पण ब्रदरना विचारतो." ब्रदर म्हणजे कॉलेजचे मास्तर. पहिले तीन धडे मी नमुना म्हणून फुकट दिले.

धडे इंग्रजीत यायचे. मी वाचून अर्थ सांगायचो. हिराजी मराठीत उत्तर सांगायचा आणि मी ते इंग्रजीत टाइप करायचो. माझं इंग्रजी ऑर्डर, डिलिव्हरी आणि डॅमेज एवढ्यात बसणारं. पश्चात्तापाला शब्द सुचेना, तेव्हा 'व्हेरी सॉरी फॉर डॅमेज' असं लिहिलं. शिवाय हिराजीला थोडक्यात उत्तर देता यायचं नाही. संदेष्टा योना का पळाला, दोन ओळींत लिहा, असा प्रश्न. हिराजी स्वतः घरातून कसा पळाला, कुठल्या एसटीने, शेजारी कोण बसलं होतं, इथून सुरुवात करायचा. योना बिचारा शेवटच्या ओळीत यायचा.

चौथ्या धड्याच्या उत्तराखाली त्याने उंदराचा प्रश्न जोडला. मेल गेला, आणि आम्ही चहा घेईपर्यंत उत्तर आलं. तीन ओळी. 'प्रिय भावा, तुझ्या उत्तराने आम्हाला आशीर्वाद मिळाला. आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करत आहोत. पुढचा धडा सोबत आहे.'

मी आधीची तीन उत्तरं काढून बघितली. अक्षर न् अक्षर तेच. तिकडे माणूस नव्हता. पत्र आलं की यंत्र आपोआप तेच तीन ओळींचं उत्तर पाठवत होतं. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी मी एक कोरा मेल पाठवला. त्या कोऱ्या मेलनेही त्यांना आशीर्वाद मिळाला.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या रविवारी हिराजी शेजारी उभा होता, पडद्याला हात लावून. "काय म्हणतात ब्रदर?"

मागच्या खोलीत शेकडो कोरे उंदीर रांगेत बसले होते. मी म्हटलं, "म्हणतात, उंदीर चालेल."

त्या साली माझे उंदीर गाजले. असे उंदीर पेणमध्ये झाले नाहीत. प्रत्येकाची नजर निराळी. कोणी लाडका, कोणी भुकेला, कोणी अपराधी. दादरचा एक व्यापारी म्हणाला, "शेठ, गणपतीने नजर फिरवली तरी चालेल, हा उंदीर दुकानातून हलू देत नाही." मी भाव वाढवला. हिराजी रविवारी धडा झाला की मूर्तीकडे पाठ करायचा, उंदीर मांडीवर घ्यायचा, रंगवून झाला की खाली ठेवायचा. एकही मूर्ती त्याने डोळे वर करून बघितली नाही.

पाचवा धडा आला तो आईबापाचा मान राखण्यावर. हिराजीने आईचं सगळं सांगितलं: ओटी, ताट, पाठ, तिचे सुजलेले गुडघे. मी दोन पानं टाइप केली. उत्तर आलं. त्याच तीन ओळी.

"काय म्हणतात?"

मी वाचलं. आशीर्वाद, प्रार्थना, पुढचा धडा.

"आणि?"

त्याच्या चेहऱ्याकडे बघून माझं डोकंच फिरलं. माणूस दोन पानं जीव काढून ठेवतो आणि तुम्हाला एक ओळ सुचत नाही? मी पडद्याकडे बघत म्हटलं, "आणि विचारतात, आईचे गुडघे कसे आहेत."

पुढच्या रविवारी तो धावतच आला. आईला त्याने पाठीमागूनच सांगितलं होतं, परदेशातला एक माणूस तुझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. मग ती भिंतीला म्हणाली, "त्याला सांग, डावा जास्त दुखतो."

दोन वर्षांतलं तिचं पहिलं वाक्य. ते मी कॉलेजला टाइप करून पाठवलं. त्यांना आशीर्वाद मिळाला.

तेव्हापासून ब्रदर दर रविवारी काहीतरी विचारू लागले. तेल कुठलं लावता? मिठागरात पाय भाजायचे का? म्हातारी उत्तरं देऊ लागली, ब्रदरला. "त्याला सांग, तुज्या आयला पण जप." "त्याला विचार, तिकडं मीठ कसं करतात." मग एकदा हिराजीला थेट, "अर्धं जेवून उठलास तं त्याला कळवीन." हिराजी मला हे सांगताना हसायचा, आणि मी पुढच्या आठवड्याचा प्रश्न शोधायचो. मी रोज पन्नास माणसांशी घासाघीस करतो, पण असा घाम मला कधी फुटला नाही.

बारावा धडा गेला. प्रमाणपत्र आलं नाही. आम्ही पुन्हा लिहिलं, तर तो पत्ताच अस्तित्वात नाही असा निरोप घेऊन मेल परत आला. तीन रविवार तेच.

हिराजी काळजीत पडला. "ब्रदर आजारी असतील. एवढ्या लोकांचं वाचतात, डोळे गेले असतील. आखणीवाल्याला म्हाईत असतं, शेठ. त्यांना लिहा, जवाब नको, आराम करा." मी लिहिलं. तेही परत आलं.

शेवटी पनवेलचे पास्टर रोह्याला आले तेव्हा मी हिराजीबरोबर त्यांच्याकडे गेलो. मीच बोलेन, म्हटलं. धडे बारा झालेत, कागद काय आज ना उद्या येईल. हिराजीने फाइल नेली. बारा उत्तरांचे प्रिंट, प्रत्येक वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये. पास्टर वयस्क, सौम्य माणूस. त्यांनी चष्मा लावला, एक पान उलटलं, दुसरं, तिसरं.

"ब्रदर हिराजी, हे बाराही कागद एकच आहेत."

"व्हय," हिराजी म्हणाला. "प्रभू काल, आज आणि युगानुयुग सारखाच. वचनात हाय."

पास्टरांनी त्या तीन ओळींचा मराठीत अर्थ सांगितला. मग विचारलं, "सभेत कळलं की तू उंदीर रंगवलेस, मास्तरांच्या परवानगीने. ती कुठे आहे? यात उंदीर नाही."

हिराजीने माझ्याकडे बघितलं. सौदा करायला आलेलो मी खिडकीबाहेर बघू लागलो. तो पास्टरांकडे वळला. "चूक माझी. मला इंग्रजी येत नाय. शेठनी बरोबर वाचलं आसंल, मी भलतंच ऐकलं."

कागद नाही, म्हणून डोक्यावर हात नाही. पुढच्या महिन्यात सभेने भाड्याची खोली सोडली. अकरातली काही माणसं कोलाडच्या सभेत जाऊ लागली, बाकीची कुठेच जात नाहीत. हिराजी शिफ्ट करतो.

त्या दिवशी रोह्याच्या एसटी स्टँडवर आम्ही पेणच्या गाडीची वाट बघत होतो. त्याला आईकडे जायचं होतं. मी शिव्यांची तयारी करून बसलो होतो; शिव्या खाल्ल्या असत्या तर हिशेब मिटला असता. फाइल मांडीवर घेऊन तो एकेक प्लॅस्टिक सारखं करत होता. मग हळूच म्हणाला, "शेठ, मग डावा गुडगा कोणी विचारला व्हता?"

मी गाड्यांच्या वेळांचा बोर्ड वाचत राहिलो.

"आता आयला काय सांगू? ती आज इचारंल, काय म्हणाला म्हणून."

गाडी आली. तो चढला. मी पुढच्या गाडीने गेलो.

या गोष्टीत मी काय केलं ते मी लिहिलं आहे, लपवलेलं नाही. उंदरांच्या वेळी खोटं बोललो ते धंद्यासाठी. गुडघ्याच्या वेळी का बोललो ते मला विचारू नका. पण ज्यांनी तीन ओळी एकदाच लिहून यंत्रात टाकल्या आणि पत्ता पुसून निघून गेले, त्यांना मी विचारणार. एक माणूस बारा रविवार रोह्याहून एसटीने येऊन तुम्हाला आपली आई सांगत होता. ते वाचायला तुम्ही एक माणूस का बसवला नाही? तुमच्या जागी मला, पेणच्या मूर्तीवाल्याला, का बसावं लागलं? म्हातारी अजून दर रविवारी हिराजीला विचारते, काय म्हणाला तो. तिला काय सांगायचं ते तुम्ही सांगा. तीन ओळींत नको.