तबकडीला स्थळ पाहिजे

आबा खांबेट्यांनी ठाण्याच्या एका भल्या वकिलाला गाण्याची तबकडी द्यायला साफ नकार दिला, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बाकावर बसलो होतो. गणपतीचा मंडप. मध्यंतर झालेलं, गोविंदबुवांचं गाणं रंगलेलं, लोक चहाचे पेले घेऊन हिंडत होते आणि वकील पैसे पुढे करून उभा होता.

"घरी लहान मूल?" आबांनी विचारलं.

"आहे ना! दीड वर्षाचा आहे. फार खोडकर!" वकील कौतुकाने म्हणाला.

"मग दोन-तीन वर्षांनी या."

"अहो, पैसे देतोय मी!"

"पैसे काय, सगळेच देतात. मी विकायला नाही बसलो हो. मी देतो. आणि द्यायची म्हटली की स्थळ नको बघायला?"

वकिलाने आयुष्यात बरेच साक्षीदार उलटे-सुलटे केले असतील, पण इथे त्याचीच उलटतपासणी झाली. तो माझ्याकडे पाहू लागला. मी तबकड्यांच्या पेटीतला पेंढा नीट करायला लागलो.

आबा डोंबिवलीच्या आमच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहत. एकटेच. कल्याणच्या एका शाळेत भूमिती शिकवून शिकवून त्यांच्या बोलण्यालाही काटकोन आले होते. त्यांचे लहानपणापासूनचे मित्र म्हणजे गोविंदबुवा. ठाण्यापासून कल्याणपर्यंत गणपती असो, रामनवमी असो, नाहीतर कुणाच्या मुलाची मुंज असो, बुवांचं गाणं ठरलेलं. मुंबईच्या एका कंपनीने बुवांची एक तबकडी काढली. एका बाजूला भावगीत, दुसऱ्या बाजूला भजन. दुकानदारांना बुवा ठाऊक नाहीत, म्हणून कंपनी म्हणाली, तुमच्या कार्यक्रमांतच खपवा, उरतील त्या परत करा. हे खपवायचं काम आबांनी आपण होऊन अंगावर घेतलं. कुणीही सांगितलं असतं की, हे म्हणजे उपाशी राहायचं असेल तर स्वयंपाकघराची किल्ली आबांकडे द्या.

कारण गिऱ्हाईक आलं की आबांची तोंडी परीक्षा सुरू. फोनो, म्हणजे ग्रामोफोन, कुठे ठेवता? खिडकीतून ऊन येतं का? आल्यास तबकडी वाकडी होईल. एकच पिन किती वेळा वापरता? जो म्हणे, "वापरतो पाच-सात वेळा, चांगली असते," तो नापास. दर वेळी नवी पिन लावणारा पहिल्या वर्गात पास. शेवटचा प्रश्न हमखास असे, "दुसरी बाजूही लावाल ना? नाहीतर लोक भावगीत ऐकतात आणि ठेवून देतात." हो म्हटल्यावर आबा तबकडी दोन्ही तळव्यांवर धरून देत आणि म्हणत, "सांभाळा. फार नाजूक आहे."

या बोलण्याने एकदा मोठाच घोटाळा केला. ठाण्याच्या कार्यक्रमात आबा एका गिऱ्हाइकाला समजावत होते, "वर्णाने काळी आहे, पण आवाज ऐकाल तर विसराल. दोन्ही बाजूंनी चांगली. मात्र चौकशी केल्याशिवाय आम्ही देत नाही." मागे एक गृहस्थ कान देऊन उभे होते. पुढच्या रविवारी ते धोतर-कोट घालून, मुलाची पत्रिका घेऊन, विचारत विचारत आमच्या चाळीत हजर! मुलगा नोकरीत कायम आहे, हुंड्याची अपेक्षा नाही, वर्णाचं आम्हाला काही नाही, मुलीला गाणं येतं हेच फार झालं, असं एका दमात सांगून ते खुर्चीत टेकले. आमच्या मंडळींनी घाईघाईने पोहेसुद्धा केले.

आबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलाकडे फोनो आहे?"

"म्हणजे... फोनो द्यावा लागेल का आम्हाला?" गृहस्थ चाचरत म्हणाले.

खुलासा झाला तेव्हा मी हसून हसून दाराला टेकलो. गृहस्थ मात्र रसिक निघाले. पत्रिका खिशात घातली, पोहे संपवले आणि तबकडी घेऊन गेले. "रिकाम्या हाताने परत जायला बरं वाटत नाही," म्हणाले.

तक्रारीही येत. कल्याणचे एक किराणावाले तबकडी परत घेऊन आले. "मास्तर, मंडपात बुवा हेच भजन अर्धा तास गायले. यात चहा गाळून होईपर्यंत संपतं. बाकीचं गाणं कुठाय?"

"मुलगी सासरी जाते तेव्हा सगळं माहेर बरोबर घेऊन जाते का?" आबा म्हणाले.

किराणावाल्यांना चार मुली होत्या. त्यांनी तबकडी पुन्हा काखेत मारली आणि ते निमूट गेले.

बरं, दिली म्हणजे प्रकरण मिटलं, असंही नाही. महिन्या-दोन महिन्यांनी आबा त्या घरी जाऊन थडकत. "इकडून चाललो होतो. म्हटलं, ख्यालीखुशाली विचारावी." ही विचारपूस माणसांची नसे. चहा झाला की म्हणत, "लावता का जरा? दुसरी बाजू." लोक बिचारे लावत. आबा डोळे मिटून ऐकत, संपली की लगेच उठत. कुणी आग्रहाने "पुन्हा लावू?" म्हटलं तर घाईघाईने हात हलवत, "नको नको, एकदा पुरे!" मला वाटे, माणूस चक्रम आहे. माझं हे मत मी चाळीत सर्वांना सांगितलंही होतं.

एकदा त्यांच्याबरोबर मीही गेलो. कल्याणला एका डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी दुसरी बाजू लावली. बुवांनी भजन खरंच सुरेख म्हटलं होतं. शेवटच्या ओळीत त्यांनी एक अशी काही जागा घेतली की माझीही मान हलली, आणि तेवढ्यात तबकडीतून एक बाईमाणूस स्पष्ट म्हणालं, "अगंबाई!"

मला हसू फुटलं. डॉक्टर आणि त्यांची मुलं तर त्या ठिकाणाची वाटच पाहत होती. सगळं घर खिदळलं. आबाही थोडे हसले.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "आबा, ही कोण हो बया?"

"ती आमची मंडळी," आबा म्हणाले.

मग चालता चालता त्यांनी सांगितलं. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी बुवांच्या घशासाठी ज्येष्ठमधाचा काढा घेऊन त्या आबा-बुवांबरोबर मुंबईला गेल्या होत्या. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. कंपनीच्या साहेबाने बजावलं होतं की चिटपाखराचाही आवाज होता कामा नये. त्या पदर तोंडाला लावून बसल्या. पण ती जागा आली आणि पदर सुटला. "आनंद झाला की तिला तेवढं एकच यायचं," आबा म्हणाले. "पुरी टम्म फुगली तरी अगंबाई, माझा पगार वाढला तरी अगंबाई. साहेब भडकला. पण मेणाच्या प्लेटवर गाणं उमटून गेलेलं, आणि बुवांचा गळा बसलेला. राहिलं तसंच." पुढच्या वर्षी त्या टायफॉईडने गेल्या. मग आबांनी कल्याणचं बिऱ्हाड मोडलं आणि ते आमच्या चाळीत आले. लग्नातला एक फोटो होता, पण त्यात बाईंनी मान इतकी खाली घातली होती की नुसती मुंडावळ्यांची टोकंच दिसत.

चाळीत जे काही सांगून ठेवलं होतं, त्याची मला फार लाज वाटली.

आणि नेमकं त्याच वर्षी एक संकट आलं. बुवांचं नाव वाढत चाललं होतं. कंपनीचा माणूस बुवांना म्हणाला, भजन पुन्हा घेऊ, स्वच्छ, त्या बाईशिवाय. जुन्या उरलेल्या तबकड्या कंपनी परत नेणार, मोडीत काढणार आणि त्यांची भुकटी नव्या तबकड्यांत घालणार. गणपती संपल्यावर कल्याणला बुवांची रविवार सकाळची बैठक होती. ती झाली की पेटी उचलायला माणूस येणार, असं ठरलं.

"बुवा, तू हो म्हणालास?" आबांनी विचारलं.

बुवा अवघडले. "आबा, वहिनींना मी काय परका आहे का रे? पण माझा जीव ओतलाय त्या जागेत, आणि घरोघरी लोक तिथे हसतात. मी काय करू?"

त्यात बुवांचंही काही चुकत नव्हतं. आबा तसं म्हणालेही. पण पेटीत तबकड्या बऱ्याच होत्या, आणि बैठक जवळ आली होती. मी म्हटलं, "आबा, सरळ सगळ्या तुम्हीच घ्या की! प्रश्न मिटला."

"आणि काय करू? पेटीत कोंडून ठेवू? शेजारी, तिला चार माणसांत राहायची सवय होती हो."

त्या रविवारी कल्याणला आबांनी घाम गाळला. मी आयुष्यात त्यांना असं लोकांच्या मागे लागताना पाहिलं नव्हतं. "या, या, बघा तरी!" म्हणत होते. पण स्वभावाला औषध नाही. हाक मारून बोलवायचे आणि आला की पिनेवरून झाडायचे. मी मागून कोपर मारायचो, मग नाइलाजाने पास करायचे. एका आजींना फोनो नसतानाही दिली, कारण त्या म्हणाल्या, "पुढच्या साली धाकटा घेणार आहे, तोवर देवघरात ठेवीन." आबांना ते फार आवडलं.

मग मानपाड्याचा एक शेतकरी आला. स्वतः भजनाला बसणारा. डोक्याला मुंडासं, हातात चपला.

"फोनो आहे?" आबांनी विचारलं.

"माजे घरान नाय. पाटलाचे घरान हाय. आमी सगली तिथंच बसताव ऐकाला."

"सगळी म्हणजे किती?"

"आख्खा गाव."

"एकदा लावली की आख्खा गाव ऐकतो?" आबा बाकावरून उठलेच. "मग घ्या! अहो, असं स्थळ शोधून सापडणार नाही!"

एवढं हरखण्यासारखं त्यात काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. दुपारी कंपनीचा माणूस पेटी उचलायला आला. पेंढ्यात हात घालून त्याने चाचपलं, आणि हाताला एकच तबकडी लागली.

"ही एक राहिली," तो म्हणाला.

"ती दिली आहे," आबा म्हणाले आणि त्यांनी ती अलगद काढून घेतली. कुणाला दिली, ते सांगितलं नाही. माणूस रिकामी पेटी घेऊन गेला.

घरी परतताना गाडीत तबकडी त्यांच्या मांडीवर होती. मला राहवेना. माझा मेहुणा रेडिओ घेणार होता, त्याचा चावीचा फोनो नुसता पडून होता. मी म्हटलं, "आबा, ही तुम्हीच ठेवा. फोनो मी आणून देतो. दुसऱ्यांच्या घरी जाऊन किती दिवस ऐकणार? स्वतःच्या खोलीत, हवी तेव्हा लावा."

आबांनी तबकडीच्या कागदी पाकिटावरून बोट फिरवलं.

"त्यातच तर घोटाळा आहे," ते म्हणाले. "हवी तेव्हा म्हणजे मी सारखीच लावीन. सकाळी लावीन, शाळेतून आलो की लावीन. एकटा माणूस, मला आवरणार कोण? आणि अहो शेजारी, ही पिन असते ना, ती प्रत्येक वेळी थोडं थोडं खरवडून नेते. वर्षभरात नुसती खरखर उरेल. ती पुसून जाईल. इतक्या घरांत ती थोडी थोडी राहिली, कुठे सणाला लावली, कुठे पाहुणे आले की लावली, तर मला जन्मभर पुरेल. म्हणून मी फिरतो."

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

"ही तुम्हाला देतो," आबा म्हणाले. "वहिनी टापटिपीच्या आहेत. ऊन येत नाही तुमच्याकडे. पण मी कितीही मागं लागलो तरी एका वेळी दोनदा लावायची नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं. मेहुण्याचा फोनो आमच्याकडे आला. दिवाळीच्या पाडव्याला फराळ झाल्यावर आमच्या मंडळींनी नवी पिन लावली, चावी भरली आणि दुसरी बाजू ठेवली. आबा आमच्या कॉटवर भिंतीला टेकून बसले होते, पायावर पाय, हातात चहाचा कप. परक्या घरी बसत तसे ताठ नव्हते, सैलावून बसले होते. भजन सुरू झालं. शेवटची ओळ आली, बुवांनी जागा घेतली.

"अगंबाई!"

"काय गं?" आबा म्हणाले.

अगदी सहज. आतल्या खोलीतून हाक यावी आणि पेपरातून डोकं न काढता ओ द्यावी, तसं. आपण बोललो हे त्यांना कळलंही नसावं. आमच्या मंडळींनी माझ्याकडे पाहिलं, डोळ्याला पदर लावला आणि तबकडी संपताच पिन उचलून ठेवली. पुन्हा लावू का, असं त्यांनी काही विचारलं नाही.