अपसेट

१९३६ सालच्या कार्तिकात जऊळक्याच्या तारबाबूने पुंजाजीच्या हातात तार ठेवली आणि तो जेवायला निघून गेला. तार इंग्रजीत होती. पुंजाजीने ती मालधक्क्यावरच्या जानराव मुकादमाला दाखवली.

"तुह्या जावयाची हाय, अकोल्याहून," जानराव म्हणाला. "गोमती अपसेट. ताबडतोब या."

"अपसेट म्हंजे?"

"उलटणं. मागं इथं धक्क्यावर बैलगाडी उलटली, तवा सायबानं कागदावर हाच शबुद लिवला होता."

"माणूस कसं उलटते?"

"टांग्यात बसली असन."

पुंजाजीने कापसाची वेचणी तशीच सोडली आणि तांड्यावर जाऊन हाडं बसवणाऱ्या सोमलाला गाठले.

"हात का पाय?" सोमलाने विचारले.

"तारेत नाही लिवलं."

सोमलाने दोन्हींच्या मापाच्या बांबूच्या कामट्या घेतल्या. पोरीला उचलून आणावे लागेल म्हणून पुंजाजीने बाजही घेतली. सकाळच्या गाडीला गार्डाने बरीच कुरकुर करून ती आपल्या डब्यात टाकू दिली.

अकोल्यात दोघे रिकामी बाज खांद्यावर घेऊन निघाले, तेव्हा रस्त्यातल्या लोकांनी टोप्या काढल्या. कोण गेले हे कुणालाच ठाऊक नव्हते, तरी दहा-बारा जण मान खाली घालून मागे चालू लागले.

दार गोमतीनेच उघडले. सोमलाने पुढे होऊन तिचा हात चाचपला, मग पायांकडे पाहिले.

"सगळं जाग्यावर हाय," तो जरा नाराजीनेच म्हणाला.

जावई बबनराव कापसाच्या जिनातला कारकून. त्याने गर्दी पाहिली, बाज पाहिली आणि ओशाळून म्हणाला, "मामा, अपसेट म्हंजे मन थाऱ्यावर नाही. दिवाळीले तुमी न्यायले आले नाही. तवापासून धड जेवून नाही राह्यली."

"मले वाटलं, टांगा उलटला."

गोमती उंबऱ्यातच उभी होती. "बाबा, रडून राह्यली असं समजलं असतं, तर आले असते काय?"

वेचणी, मजूर, बैलाचा पाय, सगळी कारणे पुंजाजीच्या ओठांवर आली. त्याने बाज भिंतीला टेकवली.

"नसतो आलो," तो म्हणाला. "चाल आता माह्यासंगं."

गोमती आत गेली आणि लगेच गाठोडे घेऊन बाहेर आली.

"एवढ्यात बांधलं बी?"

"दिवाळीच्या आधी बांधलं होतं," ती म्हणाली. "सोडायचं मनच झालं नाही."