हिरवा वाघ आणि सहा रंगांचं मशीन

एका जंगलात, शके एकोणीसशे सेहेचाळीसच्या श्रावणात, दुसऱ्या सोमवारी सकाळी, वाघ हिरवा निघाला.

खरा नव्हे. फोटोतला. पोरांनो, आधी पूर्ण ऐका, मग दात काढा.

त्या जंगलात फोटोचं एकच दुकान होतं. पळसाच्या झाडाखाली. दुकान सखाहरीचं. सखाहरी म्हणजे खवले मांजर. अंगभर खवले, हातभर जीभ, आणि भीती वाटली की अंगाचा गोळा.

दुकानात एक कॅमेरा आणि फोटो छापायचं एक मशीन. मशीनमध्ये चार रंगांची शाई. जंगलात वीज कुठून आली असं विचारायचं नाही. विचारलं तर गोष्ट बंद.

दुकानावर पाटी होती. 'फोटो इथंच पाहून घ्यावा. बाहेर गेल्यावर तक्रार चालणार नाही.' पाटी सखाहरीनं स्वतः लिहिली होती. तो रोज सकाळी ती पुसायचा.

आषाढात पळस गळायला लागला. सखाहरीनं वरून एक हिरवं प्लास्टिक ताणलं. चारी कोपरे वेलींनी बांधले. पाणी थांबलं. तो कामाला लागला.

काम मोठं होतं. वाघाचं लग्न निघालं होतं. दुसरेपणाचं. वाघीण नदीपलीकडच्या जंगलातली. तिकडच्यांनी निरोप धाडला, आधी फोटो पाठवा, मग बोलू. वाघ नदीकाठच्या खडकावर उन्हात बसला. पोट आत ओढलं. सखाहरीनं बटण दाबलं. दुकानात येऊन फोटो छापला.

वाघानं फोटो पंजात धरला.

"हे काय?"

"सरकार, आपण."

"मी कैरी आहे का?"

सखाहरीनं फोटो पाहिला. काळे पट्टे जागच्या जागी. मधलं सगळं कैरी.

"मशीनची चूक, सरकार."

"पोळ्याच्या आत मला मी पाहिजे. पिवळाधमक. नाहीतर जागा खाली कर. रानडुक्कर कधीचं मागतंय. भजी तरी गरम देईल."

सखाहरीचा गोळा झाला. वाघ गेल्यावर उलगडला.

आता इथं त्या जंगलाची एक पद्धत सांगितली पाहिजे. वाघासमोर मान खाली घालायची. वाघ आला की सगळे जमिनीकडं बघत. जमिनीवर गवत. गवत हिरवं. त्यात कुणाला काय नवल वाटणार? वाघाच्या तोंडाकडं कुणी कधी पाहिलं नव्हतं. वाघ पिवळा आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण ऐकून. सखाहरी फोटो काढतानासुद्धा डोळे मिटून बटण दाबायचा.

आणि वाघ स्वतःच्या पंजाकडं बघत नाही. ते काम दुसऱ्यांचं.

सखाहरीला जागेची काळजी लागली. पण जागेहून मोठी एक गोष्ट होती. भिवा.

भिवा म्हणजे अस्वल. दोन वर्षांमागं चैत्रात वणवा लागला होता. जुनं दुकान जळत होतं. सखाहरी गोळा होऊन मशीनला चिकटून बसला होता. भिवानं मशीन पाठीवर घेतलं, वर हा गोळा ठेवला आणि आगीतून पळाला. एक जळती फांदी त्याच्या पाठीवर पडली. त्यानं मशीन टाकलं नाही. पाठीवरचे केस गेले ते गेलेच. मानेची कातडी आखडली. तेव्हापासून भिवाची मान खाली जात नव्हती. वाघ येताना दिसला की तो झाडामागं जाऊन उभा राहायचा. उगाच गैरसमज नको.

"भिवादादा, काय देऊ तुला?" सखाहरीनं तेव्हा विचारलं होतं.

"एक फोटो दे माझा. नदीपलीकडं बहीण आहे. तिला कुणीतरी सांगितलंय, मी वणव्यात गेलो. रिकाम्या हातानं समोर उभा राहिलो, तर भूत म्हणून पळेल."

"उद्याच काढतो."

उद्या आला नाही. माकडांची निवडणूक आली. सशांची बारशी आली. सशांची बारशी संपत नाहीत. भिवा महिन्यातून एकदा यायचा. "आज?" एवढंच विचारायचा. "उद्या," ऐकून जायचा. सखाहरी मानी होता. कुणाचे उपकार अंगावर ठेवणं त्याला अजिबात आवडत नव्हतं. म्हणून भिवा दिसला की तो दुसरीकडं बघायचा.

आता दुकानच गेलं तर फोटो कसला?

सखाहरी मशीनला भिडला. आधी तपासणीचा कागद काढला. त्यावर चारी रंगांच्या रेघा येतात. रेघ तुटली तर समजायचं, शाईची छिद्रं बुजली. एकही रेघ तुटली नव्हती. पिवळी जरा पोपटी वाटली, इतकंच.

तरी त्यानं छिद्रं साफ केली. मशीनला एक बटण असतं, ते दाबलं की मशीन स्वतःच साफ करतं आणि अर्धी शाई पिऊन टाकतं. ते तीनदा दाबलं. मग जीभ घातली. खवल्याची जीभ वारुळाच्या तळाशी जाते, तिला छिद्राचं काय? जीभ चार दिवस निळी राहिली.

फोटो हिरवाच.

कागद उलटा लागला असेल म्हणून पालटला. शाई थेंब थेंब होऊन ओघळली. गुळगुळीत बाजू वर, हे त्याला माहीत होतं, पण हताश झालेला प्राणी माहीत असलेलंही करून बघतो. कागद दमट झाला असेल म्हणून पोटाखाली घेऊन बसला. एक दिवस बसला. कागद कोमट झाला.

फोटो हिरवाच.

मोर आला. मोराला सगळे रंगातला जाणकार मानत. का, तर त्याच्या अंगावर रंग होते.

"बाजूला हो," मोर म्हणाला. "आधी माझा फोटो काढ."

काढला. छापला. मोरानं मान वाकडी करून पाहिला. मग सरळ करून पाहिला.

"झकास. इतका चांगला मी आरशातही दिसत नाही. मशीनमध्ये काही दोष नाही."

"मग वाघ हिरवा का येतो, मोरसाहेब?"

"दोष गिऱ्हाइकात आहे."

"हे मी वाघाला सांगू?"

"माझं नाव न घेता सांग."

फोटो घेऊन मोर गेला. त्यानं पोपटांना पाठवलं. पोपटांचे सत्तावीस फोटो झाले. सगळे खूश. सखाहरीची हिरवी शाई संपली असती, पण मशीनमध्ये हिरवी शाई नसतेच. निळ्यात पिवळी मिसळून हिरवा होतो. लक्षात ठेवा. पुढं उपयोगी पडणार नाही, तरी ठेवा.

पोळ्याला आठ दिवस राहिले. तेव्हा रावजी कोल्हा आला. रावजी मशीनं विकायचा. चालवायला त्याला येत नव्हतं.

"सखाहरीशेट, किती वर्षांचं हे?"

"सहा."

"सहा!" रावजीनं डोळ्याला शेपूट लावली. "मेलेल्याला औषध पाजताय तुम्ही. नवीन घ्या."

त्यानं तीन मशीनं मांडली.

"हे डबीचं. स्वस्त. डबी मात्र मशीनपेक्षा महाग. हे टाकीचं. शाई ओता आणि विसरा. आणि हे," इथं त्यानं आवाज खाली आणला, "सहा रंगांचं."

"चार रंगांत वाघ हिरवा येतो. सहा रंगांत काय येईल?"

"जास्त खात्रीचा येईल."

"आधी छापून दाखव."

सखाहरी अडाणी होता, पण एवढं त्याला कळत होतं. न छापता मशीन घ्यायचं नाही. रावजीनं छापलं. वाघ हिरवा आला. सहा रंगांतला हिरवा. केळीच्या कोवळ्या पानासारखा.

"हिरवाच आहे की."

"नवीन आहे, शेट. अंग मोकळं व्हायचंय त्याचं." रावजीनं एक बटण दाबलं. "हे बघा. ह्यात रंग कमीजास्त करता येतो. लाल वाढवा."

लाल वाढवला. वाघ दुधीभोपळ्यासारखा झाला. अजून वाढवला. पिकत आलेल्या पपईसारखा झाला. एकोणिसाव्या कागदावर वाघ वाघासारखा झाला. पिवळाधमक.

सखाहरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"किती?"

"तुमची तीन वारुळं आहेत ना? दोन द्या."

"तू वाळवी खात नाहीस. वारूळ घेऊन करशील काय?"

"भाड्यानं देईन."

"कुणाला?"

"तुम्हालाच."

सखाहरीनं दिली. जुनं मशीन कोपऱ्यात गेलं. त्यावर त्यानं गोणपाट टाकलं.

पोळ्याआधी चार दिवस वाघ आला. बरोबर अर्धं जंगल. भिवाही त्याच वेळी 'आज?' विचारायला आला होता. झाडामागं जायला त्याला सवड मिळाली नाही. तो दुकानाच्या आत एका कडेला ताठ मानेनं उभा राहिला. बाकी सगळ्यांच्या माना खाली.

वाघानं फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"हा मी."

"अगदी सरकार!" सगळे गवताला म्हणाले.

सखाहरीनं फोटो तिथंच पळसाच्या पानात गुंडाळला, दोरा बांधला, कावळ्याच्या चोचीत दिला. कावळा नदीकडं उडाला. वाघ डुलत बाहेर पडला. मागून सगळे गेले. भिवा राहिला.

"सखाहरी."

"उद्या, भिवादादा. नक्की उद्या."

"ते राहू दे. वाघ हिरवा आहे."

"होता. आता लाल वाढवला. पिवळा झाला."

"फोटोतला नव्हे रे. खरा. इथं उभा होता तो. शेवाळासारखा हिरवा."

"तू वर पाहिलंस?"

"मान खाली जात नाही. डोळे काढून ठेवू काय? आणि ऐक. बाहेर पाय टाकला तसा पिवळा झाला. तूसुद्धा हिरवा आहेस. मीच तेवढा काळा."

सखाहरीनं आपल्या पंजाकडं पाहिलं. मग भिवाकडं. भिवानं एक नख वर नेलं आणि प्लास्टिकचा कोपरा उचलला.

ऊन आत आलं.

बाकावर जुन्या मशीनचे फोटो पडले होते. सगळ्यांत वाघ पिवळाधमक. मिशीसुद्धा जागच्या जागी. शेजारी नव्या मशीनचा एकोणिसावा कागद. त्यातला वाघ पिकल्या टोमॅटोसारखा लाल.

"असाच गेला का नदीपलीकडं?" भिवानं विचारलं.

सखाहरीचा गोळा झाला. गोळ्याला तोंड नसतं.

दोन दिवस तो गोळाच होता. भिवा शेजारी बसून राहिला. एकदा त्यानं गोळा उन्हात सरकवला. एकदा सावलीत.

तिसऱ्या दिवशी कावळा आला. त्याच्यामागून वाघ. भिवा झाडामागं गेला. सखाहरी आणखी घट्ट आवळला. खवले वाजले.

"ऊठ," वाघ म्हणाला. "वाच."

सखाहरी जेमतेम उलगडला. कावळ्यानं आणलेलं पान त्यानं वाचलं. 'स्थळ पसंत. असा लालबुंद वाघ आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नाही. आमच्याकडचे सगळे फिके. मुहूर्त कळवा.'

"मी लालबुंद आहे," वाघ म्हणाला. "मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"हिंमत झाली नाही, सरकार."

"आजपासून माझे सगळे फोटो ह्याच मशीनवर. जागा तुझी. रानडुकराला सांग, भजी दुसरीकडं तळ."

"आणि सरकार, प्रत्यक्ष भेटीत..."

"प्रत्यक्ष भेटीत माझ्याकडं वर कोण बघतं?"

वाघ गेला. सखाहरी झाडावर चढला. प्लास्टिकचा सुटलेला कोपरा त्यानं ओढला आणि वेलीची पक्की गाठ मारली. दुकान पुन्हा हिरवं झालं.

भिवा झाडामागून आला.

"बांधलंस परत?"

"बांधलं."

"पाऊस तर थांबलाय."

"पोट थांबत नाही, भिवादादा. दोन वारुळं गेली. जागा गेली तर तिसरंही जाईल. मी आता जाऊन सांगू, की सरकार, तुम्ही लाल नाही? हिरवेही नाही? नुसते वाघासारखे वाघ आहात?"

भिवानं विचार केला. "नको सांगू," तो म्हणाला. "वाईट वाटेल त्याला."

सखाहरीनं कोपऱ्यातलं गोणपाट काढलं. जुनं मशीन पाठीवर घेतलं. जड होतं. खवल्यांवरून घसरत होतं. भिवानं हात पुढं केला.

"तू नाही," सखाहरी म्हणाला. "आज मी."

तो ते मशीन नदीकाठच्या खडकापर्यंत घेऊन गेला. उघड्यावर मांडलं. भिवाला खडकावर बसवलं.

"समोरून काढू?"

"तिरका काढ. पाठ दिसू दे. नाहीतर ती म्हणेल, जुना फोटो आहे."

ह्या वेळी सखाहरीनं डोळे उघडे ठेवून बटण दाबलं. मशीन कुरकुरलं. कागद हळूहळू बाहेर आला. काळं अंग. छातीवर पांढरा पट्टा. पाठीवर केस गेलेली जागा, तांबूस, आहे तशी. लाल वाढवला नव्हता.

भिवानं फोटो पाहिला.

"मीच आहे," तो म्हणाला.

त्यानं तो पानात गुंडाळला, दातात धरला आणि नदीत उतरला.

तात्पर्य : फोटोत वाघ हिरवा दिसला तर ताबडतोब मशीन बदलावं. वाघाकडं वर पाहू नये.